वर्षातून तीनदा

त्याला नाव होतं, पण ऑफिसात ते पगाराच्या कागदापुरतंच. एरवी सगळे त्याला टाचणी म्हणत. बँका तपासणाऱ्या खात्यात तो निरीक्षक होता आणि ज्या कर्जाच्या फाइलीत काही काळंबेरं दिसे तिच्या वरच्या कोपऱ्यात तो एक टाचणी खोचून ठेवी. ओरडणं नाही, दम देणं नाही, नुसती टाचणी. तो तपासणीला बसला की त्या बँकेचा मॅनेजर या ना त्या निमित्ताने खोलीत डोकावायचा आणि गठ्ठ्यात कुठे कुठे चमकतंय ते हळूच बघून जायचा. बँकेचा चहा तो पीत नसे. थर्मास घरचा, पाण्याची बाटलीही घरची. बँकेच्या खुर्चीवर बसतो हेच खूप झालं, म्हणायचा. असा माणूस सहकारी म्हणून फार सुखाचा नसतो, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते त्याला तोंडावर सांगून पाहिलं होतं. काही उपयोग झाला नाही.

त्याला असा घडवला त्याच्या ताईनं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सतरा. वडील फिरतीच्या नोकरीवर. महिन्यातून चार दिवस घरी, तेही झोपलेले. ताईनं एक जुनं शिलाई मशीन हप्त्यानं घेतलं आणि शेजारणींचे ब्लाउज, झगे, उशांचे अभ्रे शिवायला सुरुवात केली. त्याची शाळा, कॉलेज, परीक्षांच्या फिया, सगळं त्या मशीनवर निघालं. त्याच्याकडे एकच काम असे, उसवायचं. चुकलेली शिवण, घट्ट झालेली बगल, खाली सोडायचा घेर. ब्लेडचं अर्धं पातं चिमटीत धरून एकेक टाका तोडायचा आणि कापडाला ओरखडा उठू द्यायचा नाही. पुढे मोठमोठे साहेब त्याच्या बारीक नजरेची तारीफ करायचे तेव्हा त्याला मनातल्या मनात हसू यायचं. ती नजर कुठल्या कोर्सात शिकवतात हे त्यांना कोण सांगणार?

नोकरी लागली त्या दिवशी त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. तपासणीत जे दिसेल ते बाहेर कुणालाही कळू देणार नाही. घरी आल्या आल्या त्यानं ताईला हे सांगितलं, छाती फुगवून.

"कुणालाही म्हणजे कुणालाही. तुलासुद्धा नाही."

"मग मी विचारणारच नाही," ताई म्हणाली. "चुकून विचारलंच तर तूच मला गप्प कर."

आणि खरोखर तीस वर्षं तिनं विचारलं नाही. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा लवकर गेला. त्याचंही लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. पण रविवार चुकला नाही. रविवारी सकाळी तो ताईच्या दुकानात जायचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दाराशी मशीन, आत कापायचं टेबल, भिंतीला खुंट्यांवर अर्धे झालेले कपडे. हा पन्नाशीचा, डोक्याला टक्कल पडलेला सरकारी निरीक्षक कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसायचा आणि ताई समोर टाकेल ते उसवत राहायचा. ताई बोलायची, तो हुंकार भरायचा. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाची कंबर दर महिन्याला वाढते आणि ती बाई टेपलाच दोष देते. आठवड्यातले ते तीन तास सोडले तर तो कुठे मोकळा होत असेल असं मला वाटत नाही.

ताईच्या दुकानामागच्या रस्त्यावर एक बँक होती. आधी साधीच होती, दोन काउंटर आणि एक पंखा. मग शहराच्या कडेच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. आज घेतलेला प्लॉट वर्षात दुप्पट, असं लोक बसस्टॉपवर उभे राहून बोलायला लागले. बिल्डर लोकांना पैसा हवा होता आणि या बँकेनं तो पाण्यासारखा दिला. बँकेला संगमरवरी पायऱ्या आल्या, दाराला काच आली. मॅनेजरच्या टायला पिन आली.

त्या बँकेच्या पहिल्याच तपासणीत टाचणीनं अर्धी डबी संपवली. ज्या जमिनीच्या तारणावर कर्ज दिलेलं, तिची किंमत बिल्डरच्याच माणसानं ठरवलेली. जुन्या कर्जाचा हप्ता भरायला नवं कर्ज, त्याचा हप्ता भरायला तिसरं. कागदावर एकही कर्ज थकलेलं नाही, कारण थकायच्या आतच त्याला दुसऱ्या कर्जाचा टेकू मिळत होता. त्यानं अहवालात लिहिलं, "परिस्थिती गंभीर." साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, "लक्ष ठेवणे इष्ट."

"अरे, भाव चढतायत तोवर कोण बुडतंय?" साहेब म्हणाले. "आणि उतरले तर आपण एकटे थोडेच असू?"

मात्र साहेब अगदीच बेफिकीर नव्हते. उद्या काही झालं तर खात्यानं काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये, एवढी काळजी त्यांना होती. त्या खात्याची रीतच अशी होती की धडधाकट बँकेत दोन वर्षांतून एकदा जायचं, कुरकुरणाऱ्या बँकेत दरवर्षी, आणि जिचं काही खरं नाही तिच्याकडे वर्षातून दोनदा, तीनदा. साहेबांनी औषध देण्याऐवजी डॉक्टरच्या फेऱ्या वाढवल्या. टाचणी वर्षातून दोनदा जायला लागला, मग तीनदा. दर वेळी नवी डबी लागायची आणि दर वेळी अहवालातले तेच दोन शब्द खोडले जायचे.

या फेऱ्यांचा अर्थ खात्याबाहेर कुणालाच ठाऊक नव्हता. ताईच्या गिऱ्हाइकांना फक्त एवढंच दिसायचं की ताईंचा भाऊ थर्मास घेऊन त्या संगमरवरी पायऱ्या परत चढला.

"तुमचे बंधू आलेत वाटतं बँकेत?" कुणीतरी माप देता देता म्हणायचं.

"येतो ना! वर्षातून तीनदा येतो," ताई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची. "बाकीच्या बँकांत दोन-दोन वर्षं कुणी फिरकत नाही. इथे तो स्वतः कागद न् कागद बघतो. त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही, मी सांगते ना!"

यात ती काहीच खोटं बोलत नव्हती. पहिल्यांदा हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी आपल्या निवृत्तीचे पैसे तिथे ठेवले. मग त्यांची वहिनी, मग समोरच्या इमारतीतली एक, मग तिची जाऊ. बघता बघता अकराजणी झाल्या. कुणाला ताईनं भरीस घातलं नव्हतं, नुसतं भावाबद्दल बोलली होती. पण भावाबद्दल बोलताना तिचा चेहरा असा काही व्हायचा की त्यावर कुणीही पैसे ठेवले असते.

एका रविवारी तो नेहमीसारखा स्टुलावर बसला होता. ताईनं मशीन थांबवलं आणि टेबलाच्या खणातून एक गुळगुळीत कागद काढला.

"हे बघ. नवऱ्याची ती मागची खोली विकली ना, त्याचे सगळे यात घातले. तुझ्या बँकेचे रोखे. ठेवीपेक्षा दोन टक्के जास्त देतात. आता मला म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको."

त्यानं तो कागद दोनदा वाचला. साध्या ठेवींना निदान थोडंफार विम्याचं संरक्षण असतं. रोख्यांना काही नसतं. बँक गेली की ते गेले. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"सगळे एकाच ठिकाणी कशाला घातलेस?" तो कसाबसा म्हणाला.

"तू म्हणजे ना! डॉक्टर झाला असतास तर सर्दीवालीलाही मृत्युपत्र करायला सांगितलं असतंस."

"तसं नाही ताई. मी तिथे इतक्यांदा जातो, म्हणून तर—"

"म्हणून तर ठेवले!" ताई हसली आणि मशीनचं चाक फिरवलं.

वाक्य तिथेच राहिलं. ते पुरं करणं एवढं सोपं होतं की पुढे कित्येक वर्षं, दात घासताना, रांगेत उभं असताना तो ते पुरं करत राहिला. पण तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि पुढचा टाका तोडला.

घरी त्यानं बायकोलाही नीट सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, ताईनं पैसे चुकीच्या जागी ठेवलेत. बायको औषधांच्या दुकानात काम करायची, तिला अर्धवट चिठ्ठ्या वाचायची सवय होती.

"मग सांगून टाका ना त्यांना. बहीण आहे तुमची."

"सही केलीय."

"सहीनं तुम्हाला वाढवलंय का?"

पण नुसती सहीच आड येत होती असंही नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. ताईला सांगितलं तर ताई त्या अकराजणींना सांगितल्याशिवाय राहणार नाही. त्या आपापल्या माणसांना सांगतील. दोन दिवसांत पायऱ्यांपासून चौकापर्यंत रांग लागेल आणि जी बँक कदाचित सावरली असती ती त्याच्या एका वाक्यानं बसेल. रांगेत पुढे असलेल्यांना पैसे मिळतील, मागच्यांना काय? मागे उभी असलेलीही कुणाची तरी ताईच असणार. हा विचार खोटा नव्हता. फक्त तो सोयीचाही होता, आणि ते त्याला कळत होतं.

म्हणून त्यानं आपल्या परीनं जीव तोडून केलं. पुढच्या अहवालात त्यानं एकही शब्द मऊ ठेवला नाही. साहेबांना डावलून तो सर्वांत वरच्या मजल्यावर गेला, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि ती फाइल हातात दिली. वरच्यांनी पानं चाळली, "बघतो" म्हणाले. बघण्यात महिने गेले. तेवढ्यात सर्वांत मोठ्या बिल्डरनं हात वर केले, प्लॉटना गिऱ्हाईक मिळेना, आणि एका मंगळवारी सकाळी बँकेला टाळं लावायचा हुकूम निघाला. टाळं लावायला पाठवलं कुणाला? ज्याला त्या बँकेची खडान्खडा माहिती होती त्याला.

तो आत किल्ल्यांची नोंद करत असताना बाहेर बायका जमल्या. दाराची काच दुधी होती. त्याला आकृत्या दिसत होत्या आणि आवाज स्पष्ट येत होते. ताई मागच्या रस्त्यावरून धावत आली असावी, तिला धाप लागलेली ऐकू येत होती.

"तुमच्या भावाला माहीत असणार!" नर्सबाईंचा आवाज. "तीन-तीनदा यायचा ना तो?"

"अहो, त्याला माहीत असतं तर त्यानं मला सांगितलं नसतं का?" ताई म्हणाली. "मी वाढवलंय त्याला! त्यालाही फसवलंय या लोकांनी. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, माझ्या गळ्याची शपथ!"

तीस वर्षं ज्या मौनाचा तिला अभिमान होता ते मौन अशा वेळीही टिकेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तो काचेपासून दोन हातांवर उभा होता. दार उघडून बाहेर जायला चार पावलं लागली असती. तो गेला नाही. बायका पांगेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

विम्याची रक्कम यायला दीड वर्ष लागलं आणि ती ठेवींच्या निम्म्याहूनही कमी भरली. ताईच्या रोख्यांचं काहीच आलं नाही. ताईनं दोन वर्षं त्या अकराजणींचं शिवण फुकट केलं; त्या नको नको म्हणायच्या, ही ऐकायची नाही. नंतर डोळे साथ देईनात. मुलगी येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली, बसनं नऊ तासांवर. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा आला.

मग टाचणीचे रविवार सुरू झाले. ते कुणावर येऊ नयेत. तो सवयीनं लवकर उठायचा, दाढी करायचा, शर्ट घालायचा आणि मग कुठे जायचं हे न सुचून खुर्चीत बसायचा. कधी त्या रस्त्याला एक फेरी मारून यायचा. ताईचा फोन यायचा, पाच मिनिटांचा. गुडघे कसे आहेत, थंडी आहे का, बायको बरी आहे ना. त्याला ती हवी होती, हे सरळच सांगितलेलं बरं. तिची बडबड हवी होती, तिचं मध्येच मशीन थांबवून त्याच्याकडे बघणं हवं होतं. आणि त्याहूनही त्याला हवं होतं की तिनं एकदा विचारावं, "तुला माहीत होतं का रे?" तो लगेच हो म्हणाला असता. दर फोनला तो त्या प्रश्नासाठी कान टवकारून बसायचा. पण ताईनं न विचारण्याचं वचन दिलेलं होतं, आणि ती शब्दाची पक्की होती. शिवाय उत्तर तिला माहीत आहे असंच ती समजत होती.

तो निवृत्त झाला. निरोपसमारंभात साहेबांनी त्याला एक घड्याळ दिलं आणि त्याच्या नजरेचं कौतुक केलं. टाळं पडल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि शहराच्या कडेला जमिनींचे भाव पुन्हा चढू लागले होते.

एका रविवारी ताई फोनवर म्हणाली, "अरे, इथे एक नवी बँक निघालीय. व्याज बरं देतात. माझ्याजवळ थोडे साठलेत. आता तू रिकामाच आहेस ना? एकदा येऊन डोळ्यांखालून घाल. तू हो म्हणालास की ठेवते."

त्यानं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशीची पहिली बस पकडली.

मुलीच्या घरी पोचला तेव्हा मुलगी आणि जावई कामावर गेलेले होते. ताई खिडकीशी बसून मटार सोलत होती, हातानंच चाचपून. बारीक झाली होती. त्याला बघताच तिचा चेहरा असा उजळला की त्याला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगू. मग त्याला कळलं की हे 'उद्या' त्याच्या फार ओळखीचं आहे.

"ताई, माझ्यावर विसंबून पैसे ठेवू नकोस," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मला माहीत होतं. ती बँक बुडणार हे मला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही."

ताईचे हात थांबले. तो वाट बघत राहिला. सही, रांग, मागे उभे असलेले लोक, सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं, पण तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी त्या बायकांना खोटं सांगितलं."

"तुला कुठे माहीत होतं ताई?"

"शपथ घेतली रे मी. माझ्या गळ्याची." तिनं वाटी बाजूला ठेवली. "परतीची बस किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी ती दोघं बसमध्ये शेजारी शेजारी बसली. मुलीनं खूप समजावलं होतं. ताईनं कुणाचं ऐकलं नाही. नऊ तासांत ती त्याच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलली, तीही पाण्याच्या बाटलीबद्दल. तो मात्र, लाज वाटावी इतका, आत कुठेतरी सुखात होता. इतक्या वर्षांनी ताई त्याच्या शेजारी होती, वळणावर तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. ती झोपली तेव्हा तिचं डोकं कलंडून त्याच्या दंडावर आलं आणि उतरायची वेळ होईपर्यंत त्यानं हात हलवला नाही.

सकाळी पहिलं घर नर्सबाईंचं. दुसरा मजला, ताईला जिना चढायला वेळ लागला. दार उघडल्यावर नर्सबाई आधी ओळखीचं हसल्या. आत बोलवायला लागल्या तशी ताईनं हात वर केला.

"आधी ऐका. तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की माझ्या भावाला माहीत नव्हतं. ते खोटं होतं. त्याला माहीत होतं. मला काल-परवा कळलं, म्हणून सांगायला आले."

नर्सबाईंनी ताईकडे बघितलंच नाही. त्यांची नजर त्याच्यावर होती, वॉर्डात पेशंटचे नातेवाईक खोटं बोलत असले की असायची तशी.

"कधीपासून माहीत होतं?"

"तीन वर्षं," तो म्हणाला. "बंद व्हायच्या आधीची तीन वर्षं."

ताईनं हे आधी ऐकलं नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं. तिला बहुधा वाटलं असेल, आठ-पंधरा दिवस आधी कळलं असेल बिचाऱ्याला. बँक बंद झाली तेव्हा तिनं रोखे घेतल्याला वर्षही झालेलं नव्हतं. ती हिशेब करते आहे हे त्याला तिच्या ओठांवरून दिसलं. रोखे घेण्याआधीचे शंभरेक रविवार, त्यातल्या प्रत्येक रविवारी तीन तास, हा समोर बसलेला. तिनं कठड्याला हात लावला आणि तिथेच, वरच्या पायरीवर, हळूच खाली बसली.

नर्सबाई आतून पाणी घेऊन आल्या. ताई अर्धा पेला प्यायली, अर्धा तिनं तसाच परत दिला. तो दोन पायऱ्या खाली उभा होता; वर जावं की नाही, कळत नव्हतं. ताईनं त्याच्याकडे बघितलं. इतका वेळ, इतकं नीट तिनं त्याच्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना. मग उठण्यासाठी आधाराला तिनं हात पुढे केला. त्याच्याच दिशेनं केला, कारण नर्सबाई पेला ठेवायला आत गेल्या होत्या आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"चल," ती म्हणाली. "अजून दहा घरं आहेत. पुढच्या घरी तू सांग."